रूम उघडली, तरी कोणी येईना: नागपुरातून स्ट्रॅटेजी गेम होस्ट करणाऱ्या नवख्यांसाठी

रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकली, तुम्ही बसलात, 'होस्ट गेम' दाबलं, मॅप निवडला, रूमला नाव दिलं. मानेवाड्याचा मित्र फोनवर सांगतो, "तुझी रूम दिसूनच नाही राहिली बे." पुण्यातल्या मावसभावाला रूम दिसते, पण जॉइन दाबलं की अर्धा मिनिट चक्र फिरतं आणि 'कनेक्शन फेल्ड' येतं. तिसरा आत येतो, रेडीही करतो, आणि खेळ सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच 'आउट ऑफ सिंक'. साडेदहा वाजतात. कोणीतरी म्हणतं, जाऊ दे, उद्या पाहू.

माझ्याकडे असे दोन महिने गेले. मी दोष आधी गेमला दिला, मग लॅपटॉपला, मग नेटच्या प्लॅनला. प्लॅन वाढवूनही पाहिला. काडीचा फरक पडला नाही, कारण दुखणं स्पीडचं नव्हतंच. आणि मुख्य म्हणजे ते एक दुखणं नव्हतं. रूम दिसत नाही हा एक आजार. दिसते पण आत येता येत नाही हा दुसरा. आत आल्यावर खेळ अडखळतो किंवा तुटतो हा तिसरा. रूम सगळ्या जगाला दिसते, तरी कोणी फिरकत नाही हा चौथा, आणि तो बऱ्याचदा नेटचा नसतोच. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी समोरच्याला नेमकं काय दिसतंय ते शब्दाशब्दानं विचारा, जमलं तर स्क्रीनशॉट मागवा.

आधी हे बघा: गेम कोणाच्या सर्व्हरवर चालतो

ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम ढोबळमानानं दोन प्रकारचे असतात. काहींमध्ये तुम्ही रूम उघडता, पण सगळ्यांची ये-जा कंपनीच्या सर्व्हरमधून होते. 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन अशी आहे. रूम उघडताना सर्व्हरचा प्रदेश निवडायचा, बस. तिथे राउटरशी झटापट करायची गरज नाही. कोणाला आत येता येत नसेल तर आधी गेमचं व्हर्जन, मोड (गेममध्ये वरून टाकलेले बदल) आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा कॉम्प्युटरचा पहारेकरी) बघा. 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा २००३ पासून चालत आलेला, फुकट, आळीपाळीनं चाली करायचा गेमसुद्धा स्वतःच्या सर्व्हरवरून खेळता येतो. नेट फारच कमजोर असेल तर सुरुवात वेसनॉथनं करा. प्रत्येकाची पाळी येते, त्यामुळे अर्धा सेकंद उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या प्रकारात तुमचा कॉम्प्युटरच सर्व्हर होतो. 'झीरो एडी' हा असा. फुकट आहे, मुक्त सोर्सचा आहे, त्यात मौर्यांचे हत्ती आहेत, जुन्या लॅपटॉपवरही बरा चालतो. त्याच्या लॉबीत, म्हणजे सगळ्यांच्या रूमच्या यादीत, फक्त रूमची पाटी लागते. बाकीचे खेळाडू थेट तुमच्या घरी, तुमच्या राउटरच्या दारावर येऊन थाप मारतात. दार बंद असेल तर पाटी दिसूनही उपयोग नाही. मावसभावाचं 'कनेक्शन फेल्ड' ते हेच. मी पुढे उदाहरण झीरो एडीचंच घेणार आहे, कारण यावर शिकलं की बाकीचे गेम सोपे जातात.

खेळ आत कसा चालतो, हे एकदा समजून घ्या

हा भाग वगळू नका. पुढच्या निम्म्या अडचणींची उत्तरं इथे आहेत.

आठ खेळाडू, प्रत्येकाचे दीडशे सैनिक, म्हणजे मैदानात हजाराच्या वर माणसं पळताहेत. प्रत्येकाची जागा सेकंदाला दहादा नेटवरून पाठवायची म्हटलं तर फार मोठा पसारा होईल. म्हणून यातले बहुतेक गेम जागा पाठवतच नाहीत. ते फक्त हुकूम पाठवतात: 'हे वीस धनुर्धारी त्या टेकडीकडे.' पुढचं सगळं गणित प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपापल्या घरी करतो, आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं यावं लागतं. शाळेतलं लेझीम आठवा. शिट्टी एकच, पावलं ज्याची त्यानं टाकायची. कोणी कोणाचे पाय उचलत नाही, पण एकाचा ठेका चुकला की सगळी रांग बिघडते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, या खेळाला डेटा फार कमी लागतो. १९९७ चा पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' २८.८ केबीपीएसच्या डायल-अप मॉडेमवर आठ जणांना खेळता यावा अशा बेतानं बनवला होता. तेव्हा १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून लॅग, म्हणजे खेळातला उशीर, जाणार नाही. दुसरी, रांग सर्वांत हळू गड्याच्या चालीनं चालते. एकाचा जुना लॅपटॉप धापा टाकत असेल तर सगळ्यांचा खेळ अडखळतो, आणि बाकीचे उगाच होस्टला बोल लावतात. तिसरी, गेमचं व्हर्जन किंवा मोड थोडासाही वेगळा असेल तर दोन घरचं गणित वेगळं येतं. त्यालाच 'आउट ऑफ सिंक' म्हणतात. आमच्या त्या तिसऱ्या मित्राकडे एक छोटा मोड होता, रंग बदलण्यापुरता आहे असं तो सांगायचा. त्यात हत्तीच्या किमतीचा एक आकडाही बदललेला निघाला.

म्हणून सगळ्यांना आधी एकच काम द्या: गेम अपडेट करा, सगळे मोड बंद करा, व्हर्जनचा आकडा ग्रुपवर टाका.

घरातली वाट

बाहेरच्या जगाकडे जाण्याआधी लॅपटॉप ते राउटर एवढी वाट तपासायची. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा. 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो पत्ता येईल तो तुमच्या राउटरचा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्याच्याच वरती 'आयपीव्ही४ ॲड्रेस' असेल, तो तुमच्या कॉम्प्युटरचा. दोन्ही कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता 'पिंग', मग राउटरचा पत्ता, मग 'उणे टी' असं टाकून पाच मिनिटं चालू ठेवा. येणारा आकडा म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ, त्यालाही पिंगच म्हणतात. तो १, २, ३ मिलिसेकंद यायला हवा. मधूनच ८०, २०० किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं, तर दोष घरातच आहे. नेटवाल्याला फोन करू नका.

माझ्याकडे हा दोष कूलरमुळे होता. आमच्याकडे फायबरची वायर बैठकीच्या खिडकीतून आत येते, म्हणून राउटर त्याच खिडकीच्या कोपऱ्यात. थंडीत सगळं छान चालायचं. मार्चात माळ्यावरून कूलर उतरला, ट्रॉलीवर चढला, खिडकीला लागला, आणि राउटर त्याच्या मागं गेला. पत्र्याची पेटी, भिजलेल्या ताट्या, खाली चाळीस लिटर पाणी, हे सगळं वायफायच्या वाटेत उभं. पत्रा सिग्नल अडवतो आणि पाणी तो शोषून घेतं. आतल्या खोलीत माझा पिंग २ वरून १४० वर, मग ३०० वर, मग टाइम आउट. कूलर हलवणं नागपूरच्या उन्हाळ्यात शक्य नाही, तेव्हा मी बर्डीच्या बाजारातून पंधरा मीटरची कॅट-सिक्स वायर आणली, दाराच्या चौकटीवरून खिळ्यांनी नेली आणि लॅपटॉपला लावली. पिंग १. त्या दिवसापासून १ च.

वायर शक्य नसेल तर राउटर उंच आणि मोकळ्या जागी ठेवा, आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर लावा. राउटर शेजारच्या खोलीत असेल तर ५ चांगलं. दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४ पोचेल, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. होस्ट करणाऱ्यानं तरी वायरच लावावी असं माझं ठाम मत आहे. आणखी एक: तुमचा सामना चालू असताना घरात कोणी फोनमधले लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असेल तर पिंग उसळतो. अपलोड भरलं की तुमचे हुकूम मागे रांगेत उभे राहतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही घ्याच. दोन मिनिटं लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर तरतो, राउटर मात्र बंद पडतो आणि सुरू होऊन परत लाइन पकडेपर्यंत सगळी रूम विखुरते.

फायरवॉलची एक खोच

गेम पहिल्यांदा होस्ट करताना विंडोज विचारतं, याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का. घाईत आपण 'कॅन्सल' दाबतो. बहुतेकांना वाटतं, कॅन्सल म्हणजे नंतर बघू. तसं नाही. विंडोज त्या गेमसाठी अडवणुकीचा नियमच लिहून ठेवतं आणि पुन्हा कधी विचारत नाही. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये 'ॲलाऊ ॲन ॲप' यादी उघडा, गेमचं नाव शोधा, 'प्रायव्हेट' समोर खूण आहे का बघा. आणि घरचं वायफाय विंडोजनं 'पब्लिक' धरलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा, नाहीतर ती खूण असून नसल्यासारखी. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या फायरवॉलमध्येही हेच.

काही जण सांगतात, फायरवॉल बंदच करून टाक. तपासायला दोन मिनिटं बंद करा, पण तसं ठेवून खेळू नका.

राउटरचं दार: पोर्ट फॉरवर्डिंग

तुमच्या घरी एकच बाहेरचा पत्ता असतो आणि आत फोन, टीव्ही, लॅपटॉप मिळून दहा उपकरणं. बाहेरून कोणी आलं की राउटरला कळत नाही, हा कोणाकडचा पाहुणा. म्हणून तो परत पाठवतो. आपण त्याला सांगून ठेवायचं: अमुक नंबरच्या दारावर कोणी आलं तर माझ्या लॅपटॉपकडे पाठव. तो नंबर म्हणजे पोर्ट. झीरो एडीचा २०५९५, यूडीपी (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). ओपनआरए या गेमचा १२३४, टीसीपी. वेसनॉथ घरून होस्ट केला तर १५०००, टीसीपी. जुन्या वॉरक्राफ्ट थ्रीचा ६११२, टीसीपी.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. लॉगिन आणि पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. तिथे नसेल तर लाइन जोडून देणाऱ्या मुलाला विचारा, त्यानंच तो बदललेला असतो. आत गेल्यावर आधी 'डीएचसीपी' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि तुमच्या लॅपटॉपला एक पत्ता कायमचा लावून द्या. हे केलं नाही तर आठवड्यानं लॅपटॉपचा पत्ता बदलतो, तुमचा नियम घरच्या टीव्हीकडे बोट दाखवत राहतो, आणि परवा तर चाललं होतं, आज काय झालं, म्हणून तुम्ही डोकं धरून बसता.

मग 'पोर्ट फॉरवर्डिंग' उघडा. काही राउटरमध्ये त्यालाच 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात, काहींमध्ये ते 'नॅट'च्या पोटात लपलेलं असतं. बाहेरचा पोर्ट २०५९५, आतला पोर्ट २०५९५, प्रोटोकॉल यूडीपी, पत्ता तुमच्या लॅपटॉपचा. सेव्ह करा, राउटर एकदा बंद करून चालू करा. त्याच पानावर 'डीएमझेड' नावाचं बटण दिसेल आणि कोणीतरी सांगेलही की ते चालू कर, सगळं सुटतं. करू नका. त्यानं एक दार नाही, आख्खी भिंतच उघडी पडते.

तपासताना दोन ठिकाणी फसगत होते, आणि मी दोन्हीकडे फसलो. पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या वेबसाइट बहुतेक टीसीपीच तपासतात. झीरो एडी यूडीपीवर चालतो, त्यामुळे दार सताड उघडं असलं तरी त्या 'क्लोज्ड' म्हणतात. दुसरं, घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावर यायचा प्रयत्न अनेक राउटर फेटाळतात. खरी परीक्षा एकच: मित्राला त्याच्या घरून जॉइन करायला सांगा. मित्र नसेल तर दुसरा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून या.

राउटरला हात लावायची भीती वाटत असेल तर झीरो एडीत होस्ट करताना 'स्टन' नावाचा पर्याय दिसतो, त्यावर आधी खूण करून बघा. त्यात दोन्ही बाजू बाहेरच्या एका सर्व्हरला आपापला पत्ता विचारतात आणि दोघंही एकाच वेळी आतून दार ढकलतात. बऱ्याच घरांमध्ये तेवढ्यानं काम होतं.

सगळं बरोबर करूनही येत नाही: सीजीनॅट

नागपुरातल्या नवख्यांचं सर्वांत जास्त डोकं इथे खर्च होतं, आणि चूक त्यांची नसते.

राउटरच्या 'स्टेटस' पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहिलेला असतो. तो कागदावर घ्या. मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि तो आकडाही घ्या. दोन्ही सारखे असतील तर तुमचं दार थेट रस्त्यावर आहे, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वेगळे असतील तर वॅन आयपी कशानं सुरू होतो ते बघा. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत. कंपनीच्या फायबरच्या डब्याला तुम्ही आपला राउटर जोडला असेल. तो डबा 'ब्रिज' मोडवर (स्वतः राउटर न होता लाइन नुसती पुढे देईल असा) टाकून मागा, किंवा नियम दोन्हीकडे लिहा. पण १०० नं सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पत्ता १० नं सुरू होत असेल, तर कंपनीनं एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना वाटून दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. जगातले आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले म्हणून ही सोय आली, आणि १००.६४ पासूनचा तो पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. मोबाइलच्या नेटवर तर हे जवळजवळ नेहमीचंच.

सोप्या भाषेत: तुम्ही फ्लॅटचं दार उघडं ठेवलंत, पण खाली बिल्डिंगचं गेट बंद आहे आणि किल्ली वॉचमनकडे. घरातल्या राउटरवर कितीही नियम लिहिले तरी पाहुणा गेटवरूनच परत जाणार.

किल्ली, म्हणजे फक्त आपल्या घराचा बाहेरचा पत्ता (पब्लिक आयपी), मागायला मी नेटवाल्याला फोन केला.

"भाऊ, मले पब्लिक आयपी पाहिजे."

"काऊन, कॅमेरे लावून राहिले का घरी?"

त्याचा प्रश्न बरोबरच होता. पब्लिक आयपी सहसा तेच मागतात ज्यांना दुकानातले सीसीटीव्ही घरून बघायचे असतात. तुम्हीही मागताना 'गेम चालत नाही' असं सांगू नका. मग तो स्पीड तपासतो, १०० येतात म्हणतो आणि निघून जातो. 'स्टॅटिक पब्लिक आयपी लागेल, सीजीनॅटमधून बाहेर काढा' एवढंच म्हणा. काही कंपन्या वेगळे पैसे घेऊन देतात, काही घरगुती प्लॅनवर देतच नाहीत. मला मिळाला नाही.

किल्ली नाही मिळाली तर

तेव्हा दुसरा रस्ता: सगळ्या मित्रांचे कॉम्प्युटर एकाच काल्पनिक लॅनमध्ये, म्हणजे जणू एकाच घरातल्या नेटवर्कमध्ये, आणायचे. रॅडमिन व्हीपीएन फुकट आहे, सोपं आहे, पण फक्त विंडोजवर. हमाचीच्या फुकट नेटवर्कमध्ये पाचच जण मावतात. मी झीरोटियर वापरतो, ते विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. एकानं नेटवर्क बनवायचं, त्याचा सोळा अक्षरांचा नंबर मिळतो, तो इतरांनी टाकायचा, आणि बनवणाऱ्यानं प्रत्येकाला आपल्या पानावरून मंजुरी द्यायची. ही मंजुरी द्यायची राहते आणि सगळे 'जोडलंच जात नाही' म्हणत बसतात, तेवढी आठवण ठेवा.

जोडल्यावर प्रत्येकाला एक नवा आयपी मिळतो. होस्टचा तो पत्ता घेऊन गेममध्ये थेट 'जॉइन बाय आयपी' करा. लॅनच्या यादीत रूम आपोआप दिसेल अशी वाट बघू नका. कॉम्प्युटरला आता दोन नेटवर्क दिसतात, आणि गेम नेमका चुकीच्या नेटवर्कवर हाक मारतो.

आणि या नेटवर्कमध्ये ओळखीचीच माणसं घ्या. अनोळखी माणसाला लॅनमध्ये घेणं म्हणजे त्याला तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत वाट करून देणं. लॉबीतल्या अनोळखी लोकांशी खेळायचं असेल तर होस्ट तुम्ही होऊ नका. ज्याचं दार उघडं आहे त्याच्या रूममध्ये जा, किंवा सर्व्हरवर चालणारा गेम निवडा. जॉइन करायला सीजीनॅट सहसा आड येत नाही.

हॉस्टेलवाल्यांसाठी: कॉलेजच्या वायफायवर बहुधा एका मुलाचा लॅपटॉप दुसऱ्याला दिसू दिला जात नाही. तिथे पाच वायरी लागतील असा एक छोटा नेटवर्क स्विच आणि वायरी घ्या, एकाच खोलीत बसा. त्यासारखी मजा कशातच नाही.

रूम अशी उघडा की माणूस आत यावा

आता चौथा आजार. रूम दिसते, दार उघडं आहे, तरी कोणी येत नाही. आला तरी दोन मिनिटांत जातो.

आधी अंतर समजून घ्या. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी ३५ मिलिसेकंद. आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत. आपला ट्रॅफिक आधी मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर जातो, मग समुद्रात उतरतो. झिरो माइलच्या दगडापाशी राहिलो म्हणून सगळं जग जवळ येत नाही. माझ्या लाइनवर भारतातला सर्व्हर ३०-४० देतो, सिंगापूर ८० च्या पुढे, युरोप दीडशेच्या वर. स्ट्रॅटेजी गेमला दीडशेसुद्धा चालतो, कारण इथे बंदुकीचा नेम धरायचा नसतो. अट एकच, तो स्थिर हवा. सतत १५० असलेला गडी बरा, ४० वरून ४०० वर उड्या मारणारा नको.

म्हणून रूमच्या नावातच सगळं लिहा: प्रदेश, किती जण, पातळी. 'इंडिया, दोन विरुद्ध दोन, नवखे, मोड नाही' असं, इंग्रजी अक्षरांत. नुसतं 'कम फास्ट' लिहिलेल्या रूममध्ये मी स्वतः जात नाही. सेटिंग माणसं यायच्या आधी लावून ठेवा. सगळे रेडी झाल्यावर मॅप बदलणारा होस्ट निम्मी माणसं घालवतो. लोकसंख्येची मर्यादा सुरुवातीला कमी ठेवा, दीडशे किंवा शंभरही. झीरो एडीत मोठी सैन्यं भिडली की जुने लॅपटॉप दमतात, आणि मग लेझीमची सगळी रांग थांबते.

नवख्याला लोक किक करतात. हे लागतं मनाला, मलाही लागलं होतं. त्याचं कारण बहुधा रेटिंग असतं. आपल्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा बातम्यांमध्ये ज्या एलो रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याची, चर्चा होती, त्याच धर्तीचा आकडा इथेही असतो. नवा खेळाडू मधल्या आकड्यावर सुरू होतो, त्यामुळे पहिले काही रँक सामने त्याला आपल्याहून तयार लोकांशी पडतात आणि तो हरतो. हरत जाऊ द्या. आकडा खाली येऊन आपल्या जागी बसला की बरोबरीची माणसं भेटायला लागतात. पहिल्या दोन-तीन सामन्यांत सोडून देणाऱ्यांना तिथवर पोचताच येत नाही. त्याआधी मित्रांसोबत एका बाजूला राहून कॉम्प्युटरविरुद्ध चार-पाच सामने खेळा, आणि चांगल्या खेळाडूंच्या रूममध्ये प्रेक्षक म्हणून बसा. पहिल्या दहा मिनिटांत ते गावकरी कुठे लावतात एवढंच बघा.

पैसे लावून खेळू असं कोणी म्हटलं तर त्या रूममधून निघा. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे.

माणसं कधी असतात

बुद्धिबळाला अर्ध्या मिनिटात प्रतिस्पर्धी मिळतो, कारण दोनच जण लागतात आणि दहा मिनिटांत संपतं. आपल्या खेळाला चार ते आठ जण, तोच गेम, तेच व्हर्जन, आणि सलग तासभर लागतो. एवढं सगळं एका वेळी जुळून येणं अवघड. दुपारी तीनला लॉबी रिकामी दिसली तर गेम मेला असं समजू नका.

सिंगापूर आपल्याहून अडीच तास पुढे, व्हिएतनाम दीड तास. तिकडची रात्रीची गर्दी आपल्याकडे संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होते. जर्मनीत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेदहा, कारण ते घड्याळ बदलतात, आपण बदलत नाही. म्हणजे नागपूरकराची सोयीची वेळ, नऊ ते साडेदहा, नेमकी दोन्ही गर्द्यांच्या मध्ये पडते.

म्हणूनच मी लॉबीवर विसंबणं सोडलं. सामना शोधत बसण्यापेक्षा तो ठरवावा. चार जणांच्या सामन्यासाठी सात जणांचा ग्रुप करा, कारण दोघं-तिघं दर वेळी गळतातच. वार एकच ठेवा. आमचा शनिवार, साडेनऊ. गुरुवारी ग्रुपवर पोल टाकायचा, कोण येणार. शनिवारी नऊला होस्टनं रूमचा पासवर्ड आणि व्हर्जनचा आकडा टाकायचा, सव्वानऊला एकानं नुसतं जॉइन करून बघायचं. काही तुटलं असेल तर पंधरा मिनिटं हातात राहतात. बोलण्यासाठी डिस्कॉर्डची एक खोली वेगळी उघडा. गेममधून कोणी बाहेर फेकला गेला तरी त्याला बोलता येतं, आणि झीरो एडीत तो परत आतही येऊ शकतो. तेवढा वेळ बाकीच्यांनी पॉज करून थांबायचं हे आधीच ठरवून ठेवा. नाहीतर लढाईच्या ऐन भरात कोणी थांबायला तयार नसतं आणि भांडणं होतात. आमची झाली आहेत.

होस्टही आळीपाळीनं बदलून पाहा. ज्याचं दार उघडं, वायर लावलेली आणि कॉम्प्युटर सर्वांत ताकदीचा, तो कायमचा होस्ट. आमच्यात तो मान शेवटी मानेवाड्याच्या मित्राकडे गेला. त्याच्या नेटवाल्यानं त्याला पब्लिक आयपी देऊन टाकला, कारण त्याच्या वडिलांच्या दुकानात खरोखरच कॅमेरे आहेत. आता दर शनिवारी नऊला ग्रुपवर त्याचा मेसेज पडतो: "रूम खोलली. कोण कोण येऊन राहिलं?"